पुरचुंडीचं वजन

डाग सात मिलिमीटर लांब आणि जेमतेम पाच मिलिमीटर रुंद होता. डाव्या बुटावर, आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाखाली दोन बोटं. त्याला कडा नव्हती. मध्ये गडद आणि बाहेर विरत गेलेला, कागदावर पेन्सिल आडवी धरून घासावी तसा. बूट पांढऱ्या कॅनव्हासचे होते आणि आदल्याच दिवशी धुतलेले होते, त्यामुळे डाग नवा होता याबद्दल शंका नव्हती. मी वाकून बोट लावलं. बोटावर राखाडी, किंचित चकाकणारी पूड आली. ती मी रुमालाला पुसली नाही. बोट अंगापासून लांब धरून तशीच उभी राहिले. हातमोज्यावर आम्लाचा थेंब पडला की आम्ही हात असाच लांब धरतो.

"लागलं का गं?" पोस्टमनने विचारलं.

"नाही."

"मग बघतेस काय? मार की. तुझ्याकडे आलीय."

पुरचुंडी माझ्या पायाशी फरशीवर पडली होती. डाळिंबी रंगाच्या मखमलीची, आठ पाकळ्या जोडून शिवलेली. मखमलीची लव झडून कापड विटकं झालं होतं, पण टाके जागच्या जागी होते. टाके माझेच होते. पोस्टमनने ती त्या दुपारी खिशातून काढून मूठ माझ्यासमोर उघडली होती आणि म्हणाला होता, "ओळख बरं ही कोण? बत्तीस वर्षं झाली. माणसं गेली, ही नाही गेली." तो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आहेत, पण आमच्यात तो अजून पोस्टमनच आहे. सगळे हसले होते. मीही हसले होते. मग आम्ही तिच्याशी वीस मिनिटं खेळलो होतो, आणि पहिल्याच झेलाला माझ्या पावलाने तिचं वजन ओळखलं होतं. डोक्याच्या आधी पावलाने ओळखलं. ती येऊन पायावर बसली, उसळली नाही, घरंगळली नाही. दमलेलं माणूस खाटेवर बसावं तशी बसली. किती वर्षांनी, असं पाऊल म्हणालं. डोकं काहीच म्हणालं नाही. मग डाग दिसला.

दुकानात तिला फूटबॅग म्हणतात. आम्ही पुरचुंडी म्हणतो. मुठीत मावेल एवढी कापडी गोळी, आत दाणे भरलेले. हात न लावता पायांनी हवेत ठेवायची. एकट्यानेही खेळता येतं, पण ते म्हणजे आरशाशी बोलण्यासारखं. खरा खेळ गोलाचा. आमचा गोल आमच्या प्रयोगशाळेमागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत दुपारच्या सुट्टीत जमतो; आमच्याकडचे दोघंतिघं, समोरच्या छापखान्यातले काही, पोस्टमन, आणि वाटेने जाणारं कुणीही. नियम तीनच. पहिली फेक कधी स्वतःकडे घ्यायची नाही, दुसऱ्याला द्यायची. पुरचुंडी पडली तर 'माफ करा' म्हणायचं नाही. म्हटलं तर सगळे त्याला हसतात. आणि नव्या माणसाने सलग दहा झेलल्या की ती पुरचुंडी त्याची, त्याने घरी न्यायची. तिसरा नियम माझा. तो मी विसाव्या वर्षी केला, आणि तेव्हापासून मी शिवत आले आहे. महिन्याला दोन, कधी तीन. कुणाला दिली, त्यांनी पुढे कुणाला दिली, ते मी कधी लिहून ठेवलं नाही. लिहून ठेवणं कोतेपणाचं वाटायचं. पसरू दे, असं मी म्हणायचे. पोस्टमन तर टपालाच्या पिशवीतून नेऊन वाटायचा. एका हातात पत्र, एका हातात पुरचुंडी. "तुझी बीजं पेरून आलो," असं म्हणायचा.

त्या दुपारी सुट्टी संपल्यावर मी ओल्या गाळणकागदाने डाग पुसून घेतला, कागद आम्लात विरघळवला आणि यंत्राला शिशाचा दिवा लावला. आमच्या यंत्रात प्रत्येक धातूला वेगळा दिवा असतो. शिशाच्या दिव्याचा प्रकाश फक्त शिसं शोषून घेतं; समोर शिसं नसेल तर तो सरळ पार जातो, असेल तर मध्येच कमी होतो. किती कमी झाला ते मोजायचं, एवढंच काम. तो दिवा मी सत्तावीस वर्षं लावते आहे. रंगासाठी, भांड्यांसाठी, नळाच्या पाण्यासाठी, खेळण्यांसाठी. आकडा आला तो मी पाहिला, आणि मग एखाद्या शिकाऊ मुलीला सांगावं तसं स्वतःला सांगितलं, की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. बूट कुठे कुठे घासला असेल. कोरा कागदही तपासायला हवा. मी कोरा कागद तपासला. तो कोरा निघाला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी. प्रत्येक वेळी हात स्थिर होता. काटेकोरपणा किती उपयोगी असतो हे मला त्या आठवड्यात कळलं. त्याच्याआड माणूस कितीही दिवस राहू शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती कामसू बाई आहे.

कारण तपासण्यासारखं काही नव्हतंच. आत काय आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मी दुसऱ्या वर्षाला होते. सुरुवातीला आम्ही तांदूळ भरायचो, पण तांदळाला टोके लागायचे आणि पुरचुंडी महिन्याभरात हलकी व्हायची. वाळू भरली तर शिवणीतून गळायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खालच्या कपाटात, शिशाच्या बारीक छर्‍यांचे डबे होते, पूर्वी कधी तराजूच्या भरासाठी आणलेले. मोहरीपेक्षा थोडे मोठे, काळसर, एकमेकांवरून घरंगळताना आवाज न करणारे. मी सरांना विचारलं तर ते वर न बघता म्हणाले, "घेऊन जा बाई, अडगळ गेली तर बरंच." मी दोन पिशव्या भरून नेल्या. त्या रात्रभर... नाही, रात्रभर नाही, संध्याकाळीच. दिवे लागायच्या आत मी पहिली शिवून पुरी केली होती, घाई इतकी होती. ताईच्या जुन्या मखमली पडद्याचं कापड, आतून सुती अस्तर, मेणाचा दोरा. अंगणात जाऊन पायावर टाकली आणि ती थांबली. त्याआधी मला पुरचुंडी थांबवता येत नव्हती. त्या संध्याकाळी मी तिला घोट्यावर, बोटांवर, गुडघ्यावर, मानेच्या खळगीत थांबवलं, आणि मला वाटलं, माझं शरीर हे असं आहे तर, हे मला कुणी सांगितलं का नाही. मी चष्मेवाली, किडकिडीत, वर्गात शेवटी हात वर करणारी मुलगी होते. शिशाची घनता अकरा पूर्णांक तीन. एवढीच त्याची ओळख मला तेव्हा पुरेशी वाटली. बाकीचं पुस्तकात होतं, पण ते कारखान्यातल्या माणसांबद्दल होतं, रंगाऱ्यांबद्दल होतं. माझं शिसं अस्तराच्या आत होतं. आत आहे म्हणजे बाहेर नाही, असा माझा हिशेब. छर्रे एकमेकांवर घासतात, त्यांची पूड होते, पूड कापडाच्या विणीतून सुटते, हे समजायला पदवी लागत नाही. पण मला समजून घ्यायचं नव्हतं.

बिट्टी ताईची मुलगी. माझ्या घरी दुपारची असायची, कारण ताई कामावर जायची आणि माझी पाळी सकाळची होती. तिचं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की सगळे तिला बिट्टीच म्हणायला लागले. तिला मी एक पुरचुंडी शिवून दिली होती, ती पहिल्या वाढदिवसाची. पोपटी मखमल. ती तिला उशाशी घ्यायची, जेवताना मांडीवर घ्यायची, दात येताना तिची शिवण चावायची. शिवणीचा तो भाग कायम ओला, आंबूस वासाचा असायचा. मी ती तोंडातून काढून घेतली की भोकाड पसरायची. "चावू दे गं," ताई म्हणायची, "कापडच तर आहे." मी चावू दिलं. मला तिचे ते नवे दात आठवतात, तांदळाएवढे, आणि हिरड्यांवरून वाहणारी लाळ, आणि त्या लाळेत कधीमधी दिसणारी राखाडी रेघ, जी मी पदराने... नाही, मी तेव्हाही पदर घेत नव्हते. हाताने पुसायचे. रेघ दिसायची का खरंच? की आता, आकडा पाहिल्यावर, मी ती तिथे काढते आहे? स्मरणशक्ती हा सगळ्यात वाईट नमुना. त्यात साठवणीत भेसळ होते.

बिट्टी उशिरा बोलायला लागली. शाळेत तिला पाढे येईनात. पाच वर्षं एकच बाई सांगत होती, लक्ष लागत नाही, खिडकीबाहेर बघते. ताई म्हणायची, "मावशी एवढी शिकलेली आणि भाची बघा, दगड." मग हसायची, आपणच बोललेलं बोचू नये म्हणून. पण पायाने बिट्टी अचाट होती. सात वर्षांची असताना ती सलग शंभरच्या वर ठेवायची. मी मोजायचे, तीही मोठ्याने मोजायची, आणि तिचं मोजणं असं असायचं: सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, तीस. एकोणतीस कुठे गेले? विचारलं तर खांदे उडवायची. पावणेचार फूट उंचीची ती पोर, अंगणाच्या उन्हात, पोपटी ठिपका हवेत वरखाली होतोय, आणि तिच्या आकड्यांमध्ये भोकं. मी तेव्हा खूप हसायचे. आता त्या भोकांतून वारा येतो.

आकड्यांचं असं अनेक मुलांचं होतं. आई दिवसभर बाहेर, बाप नसल्यासारखा, शाळा सुमार. कारणं पुष्कळ. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे कुठल्याही शास्त्राच्या माणसाने मान्य केलं असतं. मी शास्त्राची माणूस आहे. मी मान्य केलं.

पण खरी गोष्ट यापुढची आहे, आणि डाग दिसल्यापासूनच्या या अकरा आठवड्यांत मी तिच्याभोवती फिरत राहिले आहे, गोलात पुरचुंडी पडली की कुणीच पहिल्यांदा वाकत नाही तशी. मी चौतीस वर्षांची होते तेव्हा आमच्याकडे एक खेळणं तपासायला आलं. कापडी बेडूक, आत वजनासाठी छर्रे. मी त्याचं पोट कापलं, तपासलं, आणि अहवालावर 'मुलांसाठी अयोग्य' असं लिहून सही केली. सही सुबक आली होती. मग जेवायच्या सुट्टीत मी गोलात गेले नाही. प्रसाधनगृहात जाऊन हात धुतले, तीनदा. त्या संध्याकाळी घरी असलेले उरलेले छर्रे मी डब्यासकट आमच्या घातक कचऱ्याच्या पेटीत टाकले, आणि पुढच्या पुरचुंड्यांत प्लास्टिकचे दाणे भरायला लागले. माणसं कुरकुरली. "हलकी झाली गं. पायावर थांबत नाही," छापखान्यातला एक जुळारी म्हणाला. मी म्हटलं, "पूर्वीचा माल मिळत नाही आता." यात एकही शब्द खोटा नव्हता. मी बदल केला आणि सांगितलं नाही. बिट्टी तेव्हा दहा वर्षांची होती आणि पोपटी पुरचुंडी अजून तिच्या दप्तरात असायची. मी तिला एक नवी दिली, निळी. तिने दोन दिवस खेळून परत आणून दिली. "हिच्यात जीव नाही, मावशी." मी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर कारण द्यावं लागलं असतं.

तेव्हा साडेतीनशे पुरचुंड्या बाहेर होत्या. नेमक्या किती ते मला माहीत नाही. पंधरा वर्षं गुणिले महिन्याला दोन, असा तो आकडा आहे. एकोणीस वर्षं त्या कुठेतरी आहेत. माळ्यावर, खोक्यात, कुणाच्या पोराच्या उशाशी. हातांनी शिवलेली वस्तू माणसं टाकून देत नाहीत. मी मुद्दाम पक्के टाके घालायचे.

डाग दिसला त्याच आठवड्यात ताईचा फोन आला होता. बिट्टीला दिवस गेले आहेत, तिसरा महिना. मी अभिनंदन म्हटलं. मग फोन ठेवून पुस्तकांच्या कपाटाकडे गेले, पण पुस्तक काढायची गरज नव्हती. शिसं रक्तातून महिना-दोन महिन्यांत उतरतं, पण हाडात जाऊन बसलं की वीस वीस, तीस तीस वर्षं बसतं. कॅल्शियमच्या जागी, कॅल्शियमसारखं, गुपचूप. आणि पोटात बाळ असलं की आईचं हाड त्याला स्वतःतलं काढून देतं. हाड निवडत नाही. जे साठवलंय ते देतं. वेळेवर कळलं तर तपासता येतं, आईला कॅल्शियम देता येतं, डॉक्टर लक्ष ठेवतात, बरंचसं टाळता येतं. वेळेवर कळलं तर. तिसरा महिना. मी कॅलेंडरकडे पाहिलं आणि ठरवलं, की आधी खात्री करून घेऊ.

खात्री करण्यासाठी मी काय केलं, ते आठवलं की मला माझीच भीती वाटते. बिट्टी रविवारी ताईकडे जेवायला येते, मीही जाते. ती चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवते, हाताची फार नेटकी आहे, आणि ताईच्या न्हाणीघरात तिचा एक कंगवा असतो. मी आतून कडी लावली, कंगव्यातले केस चिमट्याने वेचले, पाकिटात घातले, पाकिटावर 'अ' लिहिलं. घाईत कंगवाही पर्समध्ये टाकला. बाहेर आले तर बिट्टी दारात.

"मावशी, माझा कंगवा बघितलास का?"

"नाही गं."

"आत्ता तर होता. आई, तू उचललास?"

"मला काय करायचाय तुझा कंगवा? मला केस तरी राहिलेत का?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बिट्टी हसली आणि बोटांनीच केस सारखे करत बसली. आरशात ती माझ्याकडे बघत होती असं मला वाटलं. बघत नव्हती. ती स्वतःच्या पोटाकडे बघत होती.

सोमवारी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने विचारलं, "बाई, हा 'अ' कुणाचा? रजिस्टरला नाहीये."

"घरचाच आहे."

"तुमचे केस?"

"हं."

केस विरघळवले, दिवा लावला. आकडा आला तो मर्यादेच्या वरही नव्हता आणि खालीही नव्हता. रेषेवर होता. मला जे हवं होतं तेच नेमकं मिळालं. केसावरून काही ठरत नाही, हे सर्वमान्य आहे. केसाला बाहेरचीही धूळ लागते, रंग लागतो, पाणी लागतं. रक्तच तपासायला हवं. रक्त तपासायचं तर तिला सांगायला हवं. सांगायचं तर आधी खात्री हवी. खात्रीसाठी रक्त हवं. मी या गोलात अकरा आठवडे खेळले, आणि पुरचुंडी एकदाही खाली पडू दिली नाही.

दुपारच्या गोलात मी जात राहिले. न जाणं विचित्र दिसलं असतं. पोस्टमनला त्याची डाळिंबी रंगाची पुरचुंडी परत आणायला मी बंदी कशी घालणार? तो रोज आणायचा. "हिच्यासमोर तुझ्या नव्या म्हणजे कापूस," असं सगळ्यांना सांगायचा. नव्या आलेल्या पोरी तिच्यासाठी भांडायच्या. मला ती आली की मी झेलायचे. खरं सांगते, झेलताना सुख व्हायचं. घोट्याखालच्या त्या जागी वजन येऊन बसायचं आणि क्षणभर सगळं अंग शांत व्हायचं, विसाव्या वर्षी झालं होतं तसंच, आणि त्या शांततेतच मला कापडातून सुटणारा बारीक धूर दिसायचा. प्रत्येक झेलाला, उन्हाच्या तिरिपेत. इतरांना दिसत नव्हता. मला वाटतं मलाही दिसत नव्हता. घरी आल्यावर बूट बाहेर काढायचे, मोजे वेगळ्या बादलीत टाकायचे. एकदा मी पोस्टमनला म्हटलंही, "जपून ठेव ना ती. झिजेल." तर तो म्हणाला, "झिजू दे. माझ्या घरी अजून दोन आहेत. नातीला दिल्यात." असं म्हणून त्याने ती माझ्याकडेच फेकली.

तीस वर्षं मी अशा खेळात काढली जिथे चूक झाली की कुणी काही बोलत नाही. वाकायचं, उचलायचं, दुसऱ्याला द्यायचं. मला तो नियम फार सुंदर वाटायचा. अजून वाटतो. पण जिभेचाही एक स्नायू असतो, आणि तो न वापरता वाळतो. मी घरी आरशासमोर उभी राहून वाक्य म्हणून पाहिलं. पहिला शब्द नीट आला. दुसऱ्याला आवाज नव्हता.

आणि मला फक्त बिट्टीचीच भीती होती असंही नाही. तेवढं असतं तर मी चांगली बाई ठरले असते. मला गोलाची भीती होती. टाकीच्या सावलीत मी पोचले की ते सरकून जागा करतात, "आली, आपली कारखानदार आली," असं म्हणतात. दुसरं मला कुठेच कुणी जागा करून देत नाही. लग्न मी केलं नाही, मुलं नाहीत, बढती दोनदा हुकली. माझं जे काही या जगात पसरलं आहे ते मखमलीत शिवलेलं आहे.

परवाच्या रविवारी ताईकडे जेवणं आटोपली होती. बिट्टीला पाचवा संपत आला होता. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. ताई ओट्यावरून तिला खाण्यावरून बोलत होती, दूध पीत नाही, दूध बघितलं की नाक मुरडते. मी ते 'दूध पीत नाही' ऐकलं आणि हातातला पेला खाली ठेवला. तेवढ्यात बिट्टी म्हणाली, "मावशी, थांब, तुला गंमत दाखवते," आणि मागून एक बुटांचं खोकं पुढे ओढलं. त्यात तिच्या जुन्या वह्या होत्या, तुटकी बांगडी होती, आणि तळाशी पोपटी मखमल. मखमल आता पोपटी राहिली नव्हती. एका शिवणीवर कापड काळवंडून कडक झालं होतं. तिथे बारीक खळगे होते. दातांचे.

"झेल," ती म्हणाली आणि बसल्या बसल्या फेकली.

माझा पाय आपोआप वर गेला. ती येऊन बसली. थांबली.

"अगं, अजून काय थांबते बघ! बघितलंस आई?" बिट्टीने टाळ्या वाजवल्या. "या शिवणीला दोन टाके घालून दे ना मावशी. सुटायला लागलीय. पाळण्यावर बांधणार आहे मी."

"बांध, बांध," ताई हात पुसत आली. "दात आले की तेही चावत बसेल, आईवर जाऊन. मग त्यालाही पाढे यायचे नाहीत."

"आई!"

"थट्टा करते गं."

पुरचुंडी माझ्या बुटावर होती. मला सगळं स्वच्छ दिसलं, इतकं सोपं होतं. घरी नेईन. शिवण उसवेन, आतले छर्रे काढून प्लास्टिकचे दाणे भरेन, अस्तर बदलेन, तेच टाके घालीन. बुधवारी आणून देईन. कुणाला काही कळणार नाही. एकोणीस वर्षांपूर्वी जमलं होतं. रक्ताचं काय, ते नंतर कधीतरी, दुसऱ्या निमित्ताने, डॉक्टरांच्या तोंडून. मी वाकून ती उचलली आणि पर्सची चेन उघडली.

"पण आतलं बदलू नकोस हं," बिट्टी म्हणाली. "मला माहितीये, तू नव्यांत दुसरंच काहीतरी भरतेस. हिचं वजन तेच राहू दे. लहानपणी मला झोप लागायची नाही ना, तर मी ही छातीवर ठेवायची. तू बसलीयस असं वाटायचं."

ताई माझ्याकडे बघत होती. "काय गं, चेहरा का असा? बसतेस का?"

मी बसले नाही. स्वयंपाकघरात जाऊन एक प्लास्टिकची पिशवी आणली, पुरचुंडी तिच्यात टाकली आणि तोंडाला गाठ मारली. खोकंही उचलून बाजूला ठेवलं. माझे हात नेहमीसारखे स्थिर होते, त्यांचं काही सांगायचं नाही, ते कशालाही स्थिर राहतात.

"बिट्टी, उठ, आधी साबणाने हात धू," मी म्हटलं. "नखांतून सुद्धा."

"का? काय झालं?"

"हिच्यात शिसं आहे. मी भरलेलं. लहानपणी तू ते चावत होतीस."

"शिसं म्हणजे?" ताई म्हणाली. "विषारी असतं ते शिसं? आणि हे तुला आज कळतंय?"

"आज नाही. बिट्टी दहा वर्षांची असताना कळलं. बोलले नाही."

ताई बिट्टीला उठवायला वाकली. बिट्टीचा एक हात पोटावर गेला, आणि दुसरा, पुरचुंडी फेकलेला, तिने अंगापासून लांब धरला. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं ती विचारेल, का, पण तिने विचारलं, "मग आता?"

"उद्या सकाळी आठ वाजता मी तुला न्यायला येते. डॉक्टरांना सगळं मीच सांगेन, तुझं रक्त तपासायला देऊ. आणि दुपारी गोलात जाऊन सगळ्यांना सांगणार आहे, की माझ्या हातच्या जुन्या पुरचुंड्या विषारी आहेत, हे मला माहीत होतं, आणि त्या मी एकेकाच्या दारात जाऊन परत घेणार आहे."